चाकांवरचा मुराळी

जळगाव, १२ जानेवारी

अक्का,

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक केलंस. दाजींना लावला तर ते बिचारे म्हणतात, "ती जरा बाहेर गेलीय," आणि मागून तुझा खोकला ऐकू येतो. खोटं बोलायला माणूस तरी नीट निवडायचा! म्हणून हे पत्र. पोस्टमनला काही तू ब्लॉक करू शकत नाहीस.

आधीच सांगते, आबा बरे आहेत. डावा हात तसाच लुळा आहे, तोंड मात्र पूर्वीपेक्षा जास्त चालतं. बातमी माझी आहे. मी स्केटिंग सुरू केलंय.

हसलीस ना? हस. बेचाळीस वर्षांची बाई, चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवणारी, आणि सकाळी पायाला चाकं लावून शाळकरी पोरांच्या रांगेत उभी. मलाही हसू येतं, पण ते घरी आल्यावर. तिथे फक्त घाम येतो.

झालं असं, की आई गेल्यापासून मला घरात बसवत नाही. पहाटे उठते आणि उगाच फिरते. डबे पुसते, पुसलेले परत पुसते, कपाट हलवून दुसऱ्या भिंतीला लावते. आबा खाटेवरून म्हणतात, "तुना पायले भिंगरी शे का व?" एकदा त्यांच्यावर चिडून घराबाहेर पडले ती चालत सुटले. आपल्या मागच्या शाळेच्या बास्केटबॉल कोर्टावर पोरं स्केटिंग करत होती. मी जाळीला नाक लावून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी परत गेले, मग रोजच जायला लागले. तिथे शिकवणारी जैनब म्हणून एक मुलगी आहे, तिशीची असेल, डोक्याला स्कार्फ, अंगात ट्रॅकसूट, आवाज असा की कोर्टाच्या त्या टोकाचं पोरगं दचकावं. ती शेवटी जाळीपाशी आली आणि म्हणाली, "ताई, तुमचं मूल कोणतं यातलं?"

मी म्हटलं, "मीच."

ती हसली नाही गं. फक्त विचारलं, "चपलेचा नंबर किती?"

पहिल्या दिवशी बास्केटबॉलच्या खांबाला मिठी मारून उभी होते. सोडला की पाय दोन गावांना निघायचे. पडले. परत पडले. एक दात पडलेली पोरगी शेजारून गेली आणि म्हणाली, "आंटी, आधी पडायला शिकतात." पडायलाही शिकवतात इथे, अक्का. गुडघे वाकवून पुढे पडायचं, मागे नाही. आपल्याला लहानपणी दीपनगरला हे कुणी सांगितलं होतं? आपण आपले पडायचो आणि आईला दिसू नये म्हणून फ्रॉक खाली ओढायचो.

तुला सांगायचं नव्हतं खरं तर. पण दुसऱ्या कुणाला सांगू? ज्यांना सांगावं ते म्हणतात, हाड मोडेल. आई असती तर... आईचं नाव निघालं की मला तुझा राग येतो. तो अजून आहे, गेलेला नाही. तिची शेवटची आखाजी होती, अक्षय्य तृतीयेला सगळ्यांच्या लेकी माहेरी आल्या आणि तू आली नाहीस. असो.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. नाही, चालणार नाही. दे.

सुलू


जळगाव, २ फेब्रुवारी

अक्का,

काही आलं नाही तुझ्याकडून. ठीक आहे, मीही तुझीच बहीण आहे, लिहीत राहीन.

मी आता चालते, म्हणजे घरंगळते. जैनब म्हणते त्याला 'ग्लाइड' म्हणतात, तर ग्लाइड करते. मग 'लिंबू' शिकवलं. पाय जवळ ठेवायचे, बाहेर पसरवायचे, परत जवळ आणायचे, जमिनीवर लिंबाचा आकार होतो. पोरांची लिंबं होतात, माझं आपलं भरताचं वांगं होतं. पण होतं! पाय उचलायचा नाही आणि तरी पुढे जायचं, ही गंमत मी विसरूनच गेले होते. त्या दिवशी दुकानात काउंटरमागे उभी राहून मी लिंबू काढत होते, चपला घालून. मालक म्हणाले, "सुलक्षणाबाई, मुंग्या आल्या का पायाला?" मी म्हटलं, "हो, पंचवीस वर्षांपासून."

पण एक पंचाईत झाली आहे. मला थांबता येत नाही.

तू म्हणशील त्यात काय, लहानपणी एवढं खेळलीस. तेच तर! मी विचार करत होते की सगळं थोडं थोडं आठवतंय पायांना, तोल आठवतो, वळणं आठवतं, मग थांबणं कसं आठवत नाही? काल भाजी निवडताना एकदम लख्ख आठवलं. मला थांबता कधी येतच नव्हतं, अक्का. दीपनगरच्या कॉलनीतला तो सिमेंटचा चौक, आपल्या दोघींत ती पट्ट्यांच्या स्केट्सची एकच जोडी, आणि तुझी पाळी झाली की माझी. मी सुसाट निघायचे आणि त्या टोकाला भिंतीपुढे तू हात पसरून उभी असायचीस. मी येऊन तुझ्यावर आदळायचे. झालं थांबून. तुझ्या पोटात माझं डोकं बसायचं आणि तू म्हणायचीस, "म्हशी, मोडशील मला." म्हणून मी ब्रेक कधी शिकलेच नाही. गरज काय होती?

आता कोर्टाच्या टोकाला जाळी आहे. मी जाऊन जाळीला चिकटते. पोरं टाळ्या वाजवतात.

जैनब म्हणते, ताई, जाळी ब्रेक नाही. एक पाय मागे आडवा टाकायचा, चाकं जमिनीवर घासायची, वजन पुढच्या पायावर, नजर समोर. मी पाय मागे टाकते आणि तो बरोबर पडला का ते बघायला मान वळवते, की झाले गोल. ती ओरडते, "ताई, मागे काय बघता? पाय तुमचाच आहे, कुठे जात नाही!"

दाजींना फोन केला होता काल. म्हणाले, "पत्र मिळालं तिला. पत्र आलं की दोन दिवस भाजीत मीठ नसतं." म्हणजे वाचतेस. बरं वाटलं मला. दाजींसाठी वाईट वाटलं.

सुलू


जळगाव, २ मार्च

अक्का,

आज भांडायला लिहितेय. मनगट मुरगळलंय, बँडेज आहे, अक्षर वाकडं आलं तर समजून घे. काल जाळीऐवजी खांब आला मध्ये. डॉक्टर म्हणाले, "या वयात कशाला हे?" मी म्हटलं, "मग कोणत्या वयात?" घरी आबा म्हणाले, "आते बस घरमा!" मी म्हटलं, बसले असते हो, बसता आलं असतं तर.

उन्हाचा कडाका आत्तापासूनच आहे. दुकानातून येताना परवा एका घरी लिंबाच्या झाडाला पोरी दोर बांधत होत्या. आखाजीला अजून दोन महिने आणि यांचा झोका तयार. मी तिथेच स्कूटी थांबवली आणि मला इतका राग आला तुझा, की वाटलं तशीच दोंडाईच्याला यावं आणि तुझ्या दारात उभं राहून ओरडावं.

मला एकदाच सांग. का आली नाहीस?

आईने कळशी भरून ठेवली होती. सांजोऱ्या केल्या, बसून बसून, दम लागत होता तरी. तुझ्यासाठी झोका बांधायला लावला, पन्नाशीला टेकलेल्या बाईसाठी! दरसाल आबा यायचे तुला न्यायला. मला ठाऊक आहे तुझं, मुराळी दारात आल्याशिवाय तू कधी सासरचा उंबरा ओलांडला नाहीस, आबांनी लवकर यावं म्हणून तू आदल्या रात्रीच पिशवी भरून ठेवायचीस. त्या वर्षी आबांचा हात गेलेला. आपल्याला भाऊ नाही. मग काकांच्या नवलला यावलहून बोलावून तुझ्याकडे धाडला. नीट नवा सदरा घालून धाडला, आईने त्याच्याजवळ तुझ्या सासूसाठी शेवया दिल्या. आणि तो हात हलवत परत आला. म्हणाला, "अक्का म्हणे मिरचीच्या गाड्या भरायच्या आहेत, यंदा जमत नाही."

मिरच्या! मी फोन उचलला तुला करायला, तर माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाली, "मुराळी परत धाडा तिनी. आते फोन कसाले?" त्यानंतर ती आषाढात गेली. तू आलीस, कोपऱ्यात बसलीस, पाणीसुद्धा प्यायली नाहीस आपल्या घरचं, आणि तिसऱ्याच्या दिवशी दाजींच्या मागे गाडीवर बसून निघून गेलीस. वर मलाच ब्लॉक! चोर तो चोर वर शिरजोर, असंच ना हे?

माझं कसं आहे माहीत आहे का? मला न्यायला कधी मुराळी आला नाही. मी लग्नच केलं नाही, गेलेच नाही कुठे, तर आणणार कुठून. मला दर आखाजीला एकच काम, तुझी वाट बघायची. दारात रिक्षा वाजली की मी आधी पळायचे, आईच्या आधी. ते तू माझ्याकडून काढून घेतलंस. आता बस मिरच्या मोजत.

मनगट दुखतंय. पुरे.

सुलक्षणा


जळगाव, १६ मार्च

अक्का, अक्का, अक्का,

हे पत्र नीट बसून वाच. दाजी घरी असतील तर त्यांनाही वाचून दाखव. मागचं पत्र फाडून टाक, चुलीत घाल, गॅस असेल तर गॅसवर धर.

होळी झाली आणि नवल आला यावलहून, केळीचा घड घेऊन. आबांना भेटला आणि आबांनी माझी चहाडी केली की ही सकाळी चाकं लावून नाचते. तर हा शहाणा मोबाइल काढून माझा व्हिडिओ करायला कोर्टावर हजर. ग्रुपवर टाकणार होता मेला! मी त्या टोकाहून निघाले, चांगली निघाले होते, आणि हा नेमका मध्ये उभा, एक डोळा मिटून. मी ओरडले, "नवल, सरक!" त्याला वाटलं मी थांबेन. अख्ख्या जळगावात मला थांबता येत नाही हे न कळलेला तो एकटाच. गेले ती त्याच्यावर. मोबाइल तिकडे, चप्पल तिकडे, हा खाली आणि मी वर. पोरं हसून लोळली. जैनबसुद्धा पाठ फिरवून उभी राहिली, खांदे हलत होते तिचे.

मग आम्ही पायरीवर बसलो, तो ढोपर चोळत, मी चाकं सोडत. मला एकदम वाटलं आखाजीला आपणच तुझ्याकडे यावं, भांडायला का होईना, आणि येताना स्केट्स आणावेत, तुला दाखवायला. म्हणून सहज विचारलं, "नवल, अक्काच्या घरापुढचा रस्ता कसा आहे रे? सिमेंटचा आहे की डांबरी?"

तो म्हणाला, "कसला रस्ता! ते मार्केट यार्डाचं बोळ, निस्ते खड्डे. दारात तो लिंबाचा पार. तुझी चाकं तिथंच अडकतील."

मी हो म्हटलं. एक बूट काढला. दुसऱ्याची नाडी सोडताना हात थांबला माझा. मार्केट यार्ड? तुम्ही तर त्या आखाजीच्या आधीच्या दिवाळीलाच नव्या कॉलनीत राहायला गेलात. मीच पत्ता लिहिते ना पाकिटावर! मी म्हटलं, "नवल, त्या वर्षी मुराळी म्हणून तू कोणत्या घरी गेला होतास?"

अक्का, त्याचं तोंड तू बघायला हवं होतंस.

तो आलाच नव्हता तुझ्याकडे. शिरपूरला त्याच्या टीमची फायनल होती क्रिकेटची. त्याला वाटलं, आजकाल कोण मुराळ्याची वाट बघत बसतं, अक्का आपली आपण येईल दाजींबरोबर. मॅच हरले, वर तूही आली नाहीस, मग आईसमोर काय सांगायचं म्हणून रस्त्यात मिरच्यांच्या गाड्या दिसल्या त्याच तोंडात आल्या. शेवया टीमने खाल्ल्या. आईच्या हातच्या शेवया, अक्का, दुधात घालून, मैदानावर.

मी त्याला मारलं. खरंच मारलं, हातातल्या बुटाने, चाकांसकट. जैनबने येऊन धरलं मला. तो रडायला लागला, म्हणाला, काकूंच्या मातीला आलो तेव्हाच सांगणार होतो, पण तोंड उघडेना. उघडलं नाही ते बरंच झालं, तिथेच गाडला असता मी त्याला.

म्हणजे तू पिशवी भरून बसली होतीस. हो ना? दारात, नवी साडी नेसून. आणि दिवसभर कोणी आलं नाही. तुझ्या सासूने काय काय ऐकवलं असेल ते मला इथून ऐकू येतंय. आणि इकडे आई दाराकडे बघत बसलेली.

आता माझा प्रश्न ऐक. अगं बाई, तोंड होतं ना तुला? फोन होता ना हातात? "मला न्यायला कोणी आलं का नाही?" एवढं एक वाक्य! पण नाही, माहेरी आपणहून कसं विचारायचं! तुझी मान खाली जाते. आणि आई म्हणणार, लेकीने मुराळी परत पाठवला, आता आपण कसं विचारायचं! तिची मान खाली जाते. दोघींच्या माना ताठ राहिल्या आणि ती गेली. मला तुझा राग येतो, तिचा येतो, नवलचा तर येतोच, आणि आता हा राग घेऊन जाऊ कुठे तेच कळत नाही. सकाळपासून घरभर फिरतेय. आबांना सांगितलं, तर भिंतीकडे तोंड करून झोपले. उठून म्हणाले, "मनी पोर दिनभर वाट दखत बसनी व्हई."

तुझीच,
सुलू


जळगाव, ६ एप्रिल

अक्का,

अजून काही नाही तुझ्याकडून. दाजी म्हणाले, "ते पत्र वाचलं आणि गच्चीवर गेली, संध्याकाळी खाली आली. आता मीठ दुप्पट पडतंय." काहीतरी बदललं म्हणायचं.

मला कळतंय. नवलचं खोटं उघड झालं म्हणून आई काही परत येत नाही. तू तिच्याशी न बोलता राहिलीस, आणि ती तुझ्याशी. ते मी भांडून मिटवू शकत नाही. मला दुसरं काहीच सुचत नव्हतं म्हणून कोर्टावर जात राहिले. मनगट बरं आहे. एक सांगू? राग असला की ब्रेक चांगला लागतो. मागचा पाय जीव खाऊन घासते मी आता. परवा पहिल्यांदा जाळीला हात न लावता थांबले. आधी मला कळलंच नाही थांबले ते! जैनब म्हणाली, "ताई, उभ्या आहात तुम्ही. श्वास घ्या." पोरांनी माझ्याभोवती गोल चक्कर मारली, आरती केल्यासारखी. त्या दात पडलेल्या पोरीला आता दात आलाय, ती म्हणाली, "आंटी, आता उलटं शिका." मी म्हटलं, दम धर गं बाई, आत्ता कुठे थांबलेय.

तर मी ठरवलंय. मुराळी लागतो ना तुला? मुराळी येईल. मी येईन.

आबांना सांगितलं तर ते उठूनच बसले. "बाई मानूस मुराळी जास का कधी?" मी म्हटलं, का नाही? मी या घरची नाही का? तुमचा हात चालत नाही, नवलचं तोंड बघायचं नाही, मग आपल्याकडे राहिलं कोण? आबा बराच वेळ पायाचा अंगठा हलवत बसले. मग म्हणाले, "पहिले पानी पी लेजो. मंग बोलजो. लगेच 'चाल' म्हनू नको." एवढी वर्षं ते कसे यायचे ते सगळं सांगत बसले मग. ओट्यावर बसायचं, विहिणीला रामराम करायचा, पाऊसपाण्याचं बोलायचं आणि मग अगदी सहज विचारायचं, "कव्हय धाडतस पोरले?" शिकवताना त्यांचे डोळे भरले होते, तरी मी चुकले की माझ्यावर ओरडत होते.

सत्तावीस तारखेला रविवार आहे. सकाळच्या सुरत पॅसेंजरने येते. शेवया केल्यात, मला आईसारख्या जमत नाहीत, तुटतात. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. पण या वेळी कोणी आलं नाही असं तुला म्हणता येणार नाही.

सुलू


जळगाव, आखाजी, सकाळी

अक्का,

चहा झाकून ठेवलाय. तू झोपली होतीस म्हणून उठवलं नाही. आबा जागे आहेत, पण झोपेचं सोंग घेऊन पडलेत, तुला बघत. किती वेळा उठून तुझ्या अंगावरची चादर नीट केली त्यांनी, एका हाताने. त्यांना कळू देऊ नकोस मी सांगितलं म्हणून.

एकाच घरात असून पत्र लिहितेय, वेडी म्हण. पण परवापासून तू आणि मी पुरण, डाळ, गूळ, कळशी एवढंच बोलतोय. गाडीतही तू खिडकीकडे आणि मी दाराकडे. मला तोंडाने जमत नाही, म्हणून लिहिते.

त्या दिवशीचं लिहायचंय. मी तुमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर रिक्षा सोडली. रस्ता सिमेंटचा निघाला, अगदी गुळगुळीत, मग मला राहवलं नाही. शेवयांची पिशवी पाठीला बांधली आणि चाकं चढवली. आबा आधी स्टेशनावरून बैलगाडीतून यायचे, पुढे एस्टीने यायचे, मी चाकांवर आले, झालं. तुमच्या शेजारच्या त्या वच्छलाबाईंनी रस्त्यावरच खाटेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. त्या ओरडल्या, "ओ बाई, मन्या कुरडया!" मी वाचवल्या त्यांच्या कुरडया, बघितलंस ना? आणि वर मान केली तर तू फाटकात. तुझ्या पायाशी पिशवी भरलेली.

मला फक्त एवढंच होतं डोक्यात, की तुला दाखवायचं मला ब्रेक येतो. नजर समोर, गुडघे वाकवले, पाय मागे आडवा टाकला, घासला आणि थांबले. अगदी जैनब म्हणते तशी. तुझ्यापासून दोन हातांवर. इतकी सुंदर थांबले मी, आयुष्यात पहिल्यांदा, आणि मग मला दिसलं की तुझे दोन्ही हात पुढे आलेले आहेत. पसरलेले. ते तसेच राहिले हवेत, अक्का. मग तू ते पदराला पुसले आणि म्हणालीस, "गुडघे अजून वाकत नाहीत तुझे." दोन वर्षांनी पहिलं वाक्य! मी हसले, पाणी प्यायले, विहिणीला रामराम केला, पाऊसपाणी विसरले, सगळं विसरले आणि एकदम म्हटलं, "धाडता का माझ्या बहिणीला?" तुझी सासू म्हणाली, "मुराळी बाई का असेना, आला तर खरं."

पण ते हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. रात्रभर जात नाहीत. मी का थांबले गं? एवढे दिवस घासून घासून शिकले, ते नेमकं तिथे कशाला वापरलं मी!

पुरण चढवायला अजून वेळ आहे. झोका संध्याकाळी बांधू, आई बांधायला लावायची त्याच फांदीला. आत्ता चहा पी आणि मागच्या शाळेच्या कोर्टावर ये. पोरांना आज सुट्टी आहे, कोणी बघणार नाही, फक्त जैनब असेल आणि ती पाठ फिरवेल. जाळीपुढे उभी राहा, दीपनगरला राहायचीस तशी. मी त्या टोकाहून येते. ब्रेक लावणार नाही.

चप्पल काढून पाय घट्ट रोवून राहा. मी आता लहान राहिले नाही, धक्का मोठा बसेल.

सुलू